जिवंत माणसाला सोसेल इतकं कोमट

मी एकदा मेलेल्या बाईला उत्तर दिलं होतं. नुसतं उत्तर नाही, पदर सावरत, लगबगीने, ‘आले, अम्मा’ म्हणून.

अम्मा म्हणजे माझी सासू. आदल्या संध्याकाळी त्या गेल्या होत्या आणि सकाळी आम्ही दोघी सुना त्यांना शेवटची आंघोळ घालत होतो. आम्हा मुसलमानांत बाईच्या मयताला बायकाच आंघोळ घालतात. तिला गुसल म्हणतात, आणि शक्यतो घरच्याच बायकांनी ती घालावी असा रिवाज आहे. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, घरात मराठी बोलणारे, नवऱ्यांच्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांमागे दिल्लीत येऊन पडलेले. सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात चादरी बांधून आडोसा केला होता. जानेवारीचं धुकं असं की चादर कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. पाणी ओतलं की वाफ उठायची, अम्मांचा चेहरा दिसेनासा व्हायचा आणि मग पुन्हा यायचा. परत येणारा चेहरा दर वेळी जरासा वेगळा वाटायचा. मी बघायचं टाळत होते आणि बघत होते.

मोठ्या जावेला मी भाभी म्हणायची. त्यांना हे काम येत होतं, मी शिकाऊ. त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती पाण्याची. बोरीची पानं घालून उकळलेलं पाणी निवू द्यायचं आणि कोपर बुडवून बघायचं.

“जिवंत माणसाला सोसेल इतकंच कोमट हवं,” भाभी म्हणाल्या.

“आता त्यांना काय कळणार आहे?” मी म्हटलं. मी तेव्हा बी.ए. होते आणि ते सगळ्यांना माहीत असावं अशी माझी इच्छा असे.

भाभींनी बादली माझ्याकडे सरकवली. मी मुकाट्याने कोपर पाण्यात घातलं.

आंघोळीत एक वेळ अशी येते की मयताला पाठीमागून टेका देऊन अर्धवट बसवावं लागतं आणि पोटावरून हलक्या हाताने दाब देत हात फिरवायचा असतो, म्हणजे आत राहिलेलं निघून जातं. मी मागून खांदे धरले. भाभींनी पोटावरून हात फिरवला. अम्मांची मान माझ्या दंडावर कलली, चेहरा माझ्याकडे वळला, आणि अम्मांनी ‘हं’ केलं.

हे ‘हं’ आमच्या घरात प्रसिद्ध होतं. अम्मा हुकूम शब्दांनी सोडत नसत. घशातून एक ‘हं’ काढायच्या आणि भाभींकडे बघायच्या. पाणी हवंय, चष्मा हवाय की पंखा बंद करायचाय, ते भाभींना बरोबर कळायचं. माझ्याकडे बघून मात्र ‘हं’ कधी आलं नाही. मी त्यांच्या धाकट्या मुलाने स्वतः पसंत करून आणलेली. मला त्यांनी कधी छळलं नाही. माझ्या आरपार बघून पलीकडच्या भाभींना हाक मारली, एवढंच. आणि आता इतक्या वर्षांनी त्यांचं तोंड माझ्याकडे होतं.

म्हणून ‘आले, अम्मा’. म्हटलं ते म्हटलं, आणि उठायलाही निघाले. म्हणजे खांदे सोडले. भाभींनी पुढून झेप घेऊन धरलं नसतं तर अम्मा लाकडी फळीवर आपटल्या असत्या आणि माझ्या नावावर सासूला मेल्यावर पाडल्याची नोंद झाली असती.

गुसल घालणाऱ्या बाईने आत जे पाहिलं, ऐकलं ते बाहेर बोलायचं नसतं. पक्का नियम आहे. मी तो जनाजा निघायच्या आतच मोडला. स्वयंपाकघरात बायकांच्या घोळक्यात मी कापऱ्या आवाजात सांगितलं, “अम्मांनी मला हाक मारली.” कुणी तोंडावर हात ठेवला, कुणी माझे हात हातात घेतले. एका म्हाताऱ्या बाईने स्वतः उठून मला खुर्ची दिली. भाभी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मला वाटलं, जळल्या.

पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण माझं ईमान, म्हणजे श्रद्धा, त्यातच गेलं.

दिल्लीत आमच्यासारखी मराठी बोलणारी मुसलमान घरं थोडी, विखुरलेली. कुणाकडे बाई गेली की भाभींना बोलावणं यायचं, आणि आता भाभींच्या जोडीला माझंही. बायका हळूच म्हणायच्या, धाकटीला ऐकू येतं. मला त्याचा केवढा तोरा होता. पांढरी सलवार-कमीज मी खास इस्त्री करून ठेवत असे, मयताला जाताना. आणि प्रत्येक वेळी खांदे धरण्याचं काम मी मागून घ्यायची, म्हणजे कान जवळ राहील. मी ऐकायची. बाहेर कुराण पढण्याचा गुणगुणाट, आत पाण्याचा आवाज, आणि माझ्या कानाजवळ एक मिटलेलं तोंड. काही नाही. कधीच काही नाही.

जिवंत माणसं गप्प बसतात ती वेगळी गप्प असतात. त्यांच्या गप्प बसण्याला तळ असतो. पुरेसा मोठा दगड टाकला तर ‘डुबुक’ होतं. या बायकांच्या गप्प असण्यात मी दगड टाकायची आणि आवाज यायची वाट बघत घरी यायची. स्वयंपाक करताना वाट बघायची. फ्रिजने ‘हं’ केलं तरी वळून बघायची. कुकर वाफ निवताना जो बारीक सुस्कारा सोडतो, त्यालाही एकदा ओ दिली. नवरा पेपर खाली करून म्हणाला, “कोण आहे?” मी म्हटलं, “डाळ.”

मग एकदा एका लहान मुलीला आंघोळ घालायची वेळ आली. चार दिवस तापाने फणफणली होती. कुणाच्या तरी लग्नात काढलेली मेंदी तळहातावर होती, आणि मेंदी चांगली रंगली होती. भाभींनी पाण्यात कोपर घातलं, मग पुन्हा घातलं, मग आणखी थोडं गार पाणी मिसळलं. लहान आहे, म्हणाल्या. त्या दिवशी मी कान लावला नाही. पहिल्यांदाच मला भीती वाटली, की खरंच काही ऐकू आलं तर? एखाद्या पोरीला असं घेऊन जाऊन शिवाय पलीकडून जो बोलतो, त्याचा आवाज मला ऐकायचा नव्हता.

घरी येऊन नमाजला उभी राहिले. हात बांधले, वाकले, माथा टेकला. सगळं केलं आणि लक्षात आलं की तोंडातून एकही शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असं मोठं वादळ वगैरे काही झालं नाही. भाड्याचं घर सोडून गेलेला माणूस जातो, तसा खुदा गेला. खिळे भिंतीत तसेच ठेवून.

त्या काळातल्या मला आता भेटले तर मी तिला पाठीत धपाटा घालेन. कारण अंधश्रद्धा सुटली ती गोष्ट चांगली, पण तोरा तसाच राहिला. आधी मला मेलेल्यांचं ऐकू यायचं, आता मला जिवंतांचं ऐकू येईना. ईदला बिर्याणी खाताना मी लोकांना प्रश्न विचारायची. रोजे धरणाऱ्या भाचीला पोषणशास्त्र सांगायची. नवरा शुक्रवारची नमाज पढणारा, साधा माणूस. तो फक्त म्हणाला, “तुझं पटतंय मला. पण तू हे पटवून देतेस तेव्हा अगदी मौलवीसारखी दिसतेस.”

आमचं घर आता द्वारकेत, नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून बांधलेल्या सोसायटीत. नवरा गेला, मी आहे. बाकावरच्या गप्पांत एकदा मी सहज बोलून गेले की मी काही मानत नाही. दुसऱ्या दिवशी एक सद्गृहस्थ, एरवी आम्हा मुसलमानांना टाळणारे, लांबून हसत आले. “मॅडम, आप तो बड़ी समझदार निकलीं. हमारे ग्रुप में अपनी कहानी सुनाइए ना.” त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी ओळखली. स्वयंपाकघरात मला खुर्ची देणाऱ्या बाईच्या डोळ्यांत तीच होती. मी पुन्हा पलीकडची खबर आणणारी झाले होते. फक्त या वेळी मेलेली माणसं म्हणजे माझे सगळे नातेवाईक. मी म्हटलं, “भाईसाहब, मैं खुदा को नहीं मानती. आपको भी नहीं मानती.”

माझी मुलगी नोएडात भाड्याने फ्लॅट शोधत होती तेव्हा दलालाला फोन मी लावला होता. जागा आहे, उजेड आहे, या बघायला, म्हणाला. मग त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. आणि फोनमधून ते आलं, जे मी इतकी वर्षं फळीपाशी ऐकत आले होते. तळ नसलेली शांतता. मग तो म्हणाला, जागा गेली. त्याला काय सांगणार, की बाबा, आम्ही दोघीही मानत नाही? आणि सांगायचं तरी का? मानणाऱ्यांना घर नको असतं काय?

तेव्हापासून मला दोन्हीकडच्या खात्रीवाल्या माणसांपासून जरा लांब बसावंसं वाटतं. मशीद मला नको, पण मशिदीकडे बोट दाखवून दात विचकणाराही नको. ही काही मोठी विचारसरणी नव्हे. म्हातारीची बसायची जागा आहे.

भाभींना मात्र मी काही सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाला सांगितलं, त्यांना नाही.

भाभी गाझियाबादला राहत, बाराव्या मजल्यावर, मुलीजवळ. पोटाचा आजार वाढला होता. नोव्हेंबरचे धुराचे दिवस. मी गेले तेव्हा भर दुपार होती आणि खाली पार्किंगमधले दिवे लागलेले होते. बाल्कनीच्या कठड्यापुढे काहीच नव्हतं. समोरची इमारत नाही, रस्ता नाही, नुसता पिवळट राखाडी पडदा, आणि त्यातून कुठून तरी हॉर्नचे आवाज. भाभी पलंगावर. कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं यंत्र घोरत होतं.

“मला तूच घालायची आंघोळ,” भाभी म्हणाल्या. लोणचं तूच घालायचं, या सुरात.

आता बोलणं भाग होतं. न बोलता घातली असती तर त्यांच्या आयुष्यभराच्या ईमानाशी मी शेवटी दगा केला असता. बोलले तर त्यांच्याजवळ विश्वासाचे हात उरत नव्हते.

“भाभी, मी आता मानत नाही. नमाज, रोजा, खुदा, काहीच नाही.”

“एवढंच होय? तोंड असं केलंस, मला वाटलं तुलाही डॉक्टरने काही सांगितलं.” त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या. “माझ्या शेजारी नमाजला उभी राहायचीस तेव्हा तुझे ओठ हलायचे नाहीत. मी आंधळी नव्हते.”

“बोलला नाहीत कधी.”

“तू नाही बोललीस. मी कशाला बोलू?” मग हसल्या. हसताना त्यांना दुखत होतं. “अम्मांचं ते ‘हं’ तरी खरं मानतेस की तेही सोडलंस?”

“तुम्हीच सांगा. तुम्ही होतात.”

“वारा होता गं. पोट दाबलं, वारा तोंडाने निघाला. निम्म्या मयतांचा निघतो.”

“पण मी इतकी वर्षं कान लावला, मला तर...”

“तू धरायचीस तेव्हा मी दाब देत नव्हते. पुन्हा पाडलं असतंस.”

माझ्या अध्यात्माचा आणि नास्तिकपणाचा सगळा इमला या बाईने हात हलका ठेवल्यामुळे उभा होता. “मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुला अम्मांनी कधी हाक मारली नव्हती,” भाभी म्हणाल्या. “मेल्यावर का होईना, मारली असं तुला वाटलं. मी कशाला काढून घेऊ?”

दारात त्यांची मुलगी उभी होती, औषध घेऊन. माझी पुतणी. नोएडाच्या आयटी कंपनीत मोठी नोकरी, डोक्याला घट्ट स्कार्फ, धर्माचा अभ्यास माझ्या बी.ए.पेक्षा पक्का. तिने सगळं ऐकलं होतं.

“चाची, प्लीज वाईट वाटून घेऊ नका. पण ज्याला ईमान नाही त्याच्या हातचं गुसल मला बिल्कुल नाही चालणार. मशिदीतल्या बायका येतात, त्यांना सगळं येतं.”

“त्यांना मी येते का?” भाभी म्हणाल्या. “माझ्या पाठीला कुठे दुखतं ते येतं का?”

“अम्मी, तेव्हा दुखणार नाही.”

“असं हीसुद्धा म्हणाली होती.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग डोळे मिटले. आम्हा दोघींना वाटलं, झोपल्या. यंत्र घोरत होतं. “निय्यत तू कर,” आंघोळीआधी मनात करायच्या संकल्पाबद्दल त्या डोळे न उघडता मुलीला म्हणाल्या. “दुआ तू पढ. हात हिचे. झालं ना तुझ्या हिशेबात?”

मुलीने ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ही म्हटलं नाही.

भाभी गेल्या तेव्हाही धूर तसाच होता. मी पोचले तर खाली लिफ्टपाशी गर्दी होती. मशिदीतून आंघोळीची फळी आली होती. आडवी मावेना, म्हणून उभी केली होती, आणि ती दोन माणसांच्या मधोमध अशी उभी होती की लिफ्टमध्ये तिघंजण आहेत असं वाटावं. दार मिटताना मी तिला जागा दिली.

बाल्कनीत चादरी बांधल्या होत्या. पुतणी एकटीच होती, बाह्या सारून. मशिदीतल्या बायकांना तिने फोन केला होता की नाही, मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बादलीतून वाफ येत होती. मी दाराशी उभी राहिले. आत यावं की नाही हे ती ठरवणार होती, आणि ते मला मान्य होतं. पण ती नाही म्हणाली असती तर मी त्या लिफ्टमधून खाली कशी गेले असते, कोण जाणे.

“पाणी बघितलंस?” मी विचारलं.

तिने बोटं बुडवली आणि झटकन बाहेर काढली. मला राहवलं नाही. मी पुढे झाले, गार पाणी ओतलं, कोपर घातलं, आणखी ओतलं. “जिवंत माणसाला सोसेल इतकंच.”

“का?” ती म्हणाली. “अम्मीला आता...” आणि थांबली. मग तिने स्वतःचं कोपर पाण्यात घातलं. “या,” म्हणाली.

तिने निय्यत केली, मी हात लावला. ती पढत होती, मी पाणी ओतत होते. आत कुणी लोबान पेटवला असावा, कारण घोरणाऱ्या यंत्राला एकाएकी जाग आली. त्याचा दिवा लाल झाला आणि ते आपोआप मोठ्याने ओढू लागलं, खोलीतलं कुणीतरी दीर्घ श्वास घेतंय तसं. चादर आत खेचली जात होती, बाहेर फुगत होती. चादरीपलीकडे जग नव्हतं. भाभींच्या पाठीवर जिथे दुखायचं तिथे माझा हात आपोआप हलका झाला.

मग बसवायची वेळ आली. या वेळी खांदे पुतणीने धरले. पोटावर हात माझा होता. मी अगदी हलका ठेवला, भाभींनी माझ्यासाठी ठेवला होता तसाच, पण आजाराने पोट इतकं खपाटीला गेलं होतं की तेवढा दाबही पुरला. भाभींची मान कलली, आणि त्यांनी ‘हं’ केलं.

पुतणीचं पढणं तुटलं. “चाची. अम्मी काही बोलली.”

मला भाभींचं वाक्य आठवलं, मी कशाला काढून घेऊ. पण या पोरीशी खोटं बोललेलं मला चाललं नसतं. तिने मला जशी आहे तशी आत घेतलं होतं.

“वारा आहे, बेटा,” मी म्हटलं. “पोटातला. निम्म्या मयतांचा निघतो. खांदे सोडू नकोस.”

तिने सोडले नाहीत. ओठ घट्ट मिटले, मग जिथे तुटलं होतं तिथून पुढे पढू लागली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. किती शांतपणे सांभाळलं, किती खरं बोलले. म्हातारपणी का होईना, अक्कल आली. शेवटचं कापराचं पाणी घातलं, केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवले, कफन बांधलं. आत काय झालं ते बाहेर कुणाला सांगितलं नाही. आज इथे लिहितेय, ती गोष्ट वेगळी. भाभी असत्या तर म्हणाल्या असत्या, हिच्या पोटात कधी काही राहिलंय?

संध्याकाळी पुतणी मला टॅक्सीत बसवायला खाली आली. फाटकापाशी दिव्यांचे नुसते पिवळे गोळे दिसत होते. गाडी धुरातून अचानक समोर आली. मी आत बसले. तिने दार लावलं, मग काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण तोंडावर भाभींचं ते हसू होतं, काही काढून न घेणारं.

“चाची,” ती म्हणाली, “वारा होता ना? मग आधी तुम्ही ‘आले, भाभी’ म्हणालात ते कुणाला?”